ड्रीख नावाचं आभाळ

ऑक्टोबर उलटत आला की बेलव्ह्यूचं आभाळ खाली उतरतं. समोरच्या छपरांवर येऊन बसतं आणि मार्चपर्यंत उठायचं नाव घेत नाही. पाऊस पडतो असं म्हणायचीही सोय नसते, कारण पडताना तो दिसत नाही. पन्हळी वाजत नाहीत, थेंब टपटपत नाहीत. नुसता ओला करडेपणा हवेत लोंबत असतो. कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला ठेवून परत येईपर्यंत चष्मा धूसर होतो, स्वेटरवर बारीक मोत्यांसारखं पाणी साचतं. छपरावरचं शेवाळ तेवढं खुशीत असतं.

यंदाही तसंच झालं. काल सकाळी पडदा सरकवला आणि तोंडातून आपसूक निघालं, "ड्रीख!" घरात ऐकायला कोणी नव्हतं. तरी मी मोठ्यानं म्हटलं. एकटं राहणाऱ्या माणसाला आपला आवाज चालू आहे ना, हे अधूनमधून तपासून बघावं लागतं.

हा शब्द मराठी नाही, आणि इथल्या अमेरिकन लोकांनाही तो ठाऊक नसतो. तो स्कॉटलंडचा. त्यातला शेवटचा ख आपल्या गळ्यातून सहज निघतो. इथली माणसं म्हणायला गेली, तर त्याचा क करून टाकतात. करडं, गार, ओलं, लांबत गेलेलं आणि माणसाच्या आत झिरपणारं असं सगळं हवामान त्या एका शब्दात मावतं. तो मला एफीनं दिला. तीन-चार वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात.

आमचे हे गेले त्यानंतरचा तो पहिला हिवाळा. आयुष्यभर पुलांची गणितं केलेला माणूस, एका दुपारी आरामखुर्चीतच शांत झाला. मी हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झालेली. मुलगी गौरी सांता क्लाराला, तिच्या नोकरीत बुडालेली. फोन रोज यायचा. "आई, आर यू ईटिंग प्रॉपरली?" मी म्हणायची, हो गं, जेवते. मग फोन ठेवायचा. तिचं प्रेम खरं होतं, पण ते इंग्रजीतून यायचं, आणि माझं दुःख काही इंग्रजी बोलत नव्हतं.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना सुरुवातीला मी गेले. "काकू, यू मस्ट कम हं, तुम्हाला राइड देऊ आम्ही," असं म्हणून तरुण मुलं प्रेमानं न्यायची. पण तिथं सगळी जोडपी. ताट घेऊन कुठल्या टेबलाशी बसावं हा प्रश्न मला आधी कधी पडलाच नव्हता. हळूहळू मी गुडघ्याचं निमित्त सांगू लागले.

अशा दिवसांत एका दुपारी मी पोस्टाच्या पेट्यांपाशी उभी होते. आमच्या वसाहतीत सगळ्यांच्या पेट्या एकाच ठिकाणी, छोट्या छपराखाली. छत्री वाऱ्यानं उलटली होती आणि केसांतून पाणी गळत होतं. दोन घरं सोडून राहणारी पांढऱ्या केसांची, काटक बाई तिथं आली. वर्षानुवर्षं आमचं "हाय, हाउ आर यू"च्या पुढे काही गेलं नव्हतं. नाव एफी, एवढंच मला माहीत. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ओह, यू आर ड्रूकिट, हेन!"

हेन? ही बाई मला कोंबडी म्हणाली?

माझा चेहरा बघून तिनं तोंडावर हात ठेवला. गोरी माणसं लाजली की कानापर्यंत लाल होतात, तशी ती झाली. "माफ करा. हे कुठून आलं कोणास ठाऊक. आमच्याकडे बायकांना लाडानं तसं म्हणतात. ड्रूकिट म्हणजे चिंब भिजलेली."

"आमच्याकडे कुठे?" मी विचारलं.

"स्कॉटलंडमध्ये. खाणकामगारांचं गाव होतं आमचं. पण फार जुनी गोष्ट आहे ती." आणि चटकन भर घातली, "मी आता तसं बोलत नाही."

त्या शेवटच्या वाक्यानं मला धरलं. मी म्हटलं, "चहा घ्याल का? दूध घालून?" कॉफीच्या या गावात चहात दूध घालणारी माणसं एकमेकांना पटकन ओळखतात. एफी हसली आणि माझ्यामागून आली.

आधी मनातल्या मनात मी तिला एफीबाई म्हणायची. वयानं ती माझ्याहून बरीच मोठी. पण तिसऱ्या-चौथ्या चहानंतर बाई गळालं आणि ती नुसती एफी उरली.

तिची गोष्ट तिनं तुकड्यातुकड्यांनी सांगितली. एका अमेरिकन सैनिकाशी लग्न करून ती पोरवयात इकडे आली. सासरच्या पहिल्या जेवणात तिनं काहीतरी मागितलं आणि सगळं टेबल हसायला लागलं. वाईट नव्हती माणसं. त्यांना गंमत वाटली. शेजारी आले की सासरा म्हणायचा, "एफी, ते तुझं बोलून दाखव ना." ती बोलून दाखवायची. एके दिवशी तिनं ठरवलं, आता नाही. रेडिओवरच्या बायकांसारखं बोलायला ती शिकली. पुढे दातांच्या दवाखान्यात फोनवर बसली, तर लोक म्हणायचे, किती स्वच्छ इंग्रजी! मुलगी झाली, शीला. तिच्याशीही तेच स्वच्छ इंग्रजी.

मी ऐकत होते आणि हातातला चहा थंड होत होता. कारण माझं माहेर यवतमाळकडचं आणि सासर पुण्याचं. नवी नवरी असताना पाहुण्यांसमोर मी म्हणाले होते, "मले थोडं पानी द्या." चुलत नणंदा पदर तोंडाला लावून हसल्या. सासूबाईंनी पाणी दिलं आणि हळूच सांगितलं, "मला म्हणावं. आणि पाणी, ण." ह्यांनी कधी टोकलं नाही, पण मी बोलता बोलता अडखळले की ते वाक्य माझ्यासाठी पूर्ण करायचे, शुद्ध करून. वर्षभरात माझी जीभ इतकी सरळ झाली, की माहेरी गेल्यावर माझा भाऊ म्हणाला, "काऊन व, तू तं रेडिओवानी बोलून रायली!"

एफीला मी हे सगळं सांगितलं. रेडिओच्या गोष्टीवर आलो तेव्हा आम्ही दोघी इतक्या हसलो, की तिला ठसका लागला.

मग तो सगळा हिवाळा असा गेला. दुपारी जेवणं झाली की ती यायची किंवा मी जायची. येताना दारातून म्हणायची, "ब्लेदर करायला वेळ आहे का?" ब्लेदर म्हणजे बिनकामाच्या, न संपणाऱ्या गप्पा. बाहेर आभाळ छपराला टेकलेलं, आत दिवा दुपारीच लावलेला, आणि दोन म्हाताऱ्या आपापल्या पोटातून शब्द उकरून काढतायत. काही शब्द तिला स्वतःलाच आठवायचे नाहीत. बोलता बोलता एखादा यायचा आणि तीच चकित व्हायची, जुन्या कोटाच्या खिशात काही सापडावं तशी.

वैतागून, विटून गेलं की ती स्कनर्ड. तुसडा म्हातारा म्हणजे क्रॅबिट. आजारी, पांढरंफटक पडलेलं तोंड म्हणजे पीली-वॉली. हा शब्द मला इतका आवडला, की आरशात बघून मी तो स्वतःलाच म्हणायची. ग्लेकिट म्हणजे बावळट, तोंड उघडं टाकून बघत राहणारा. मी म्हटलं, "आमच्याकडे भैताड म्हणतात." एफीनं तो शब्द तोंडात घोळवला, भ तिला काही जमेना, पण पानं उडवायचं यंत्र घेऊन ओल्या पानांशी झटणारा शेजारी दिसला, की ती खिडकीतून पुटपुटायची, "बायताड!"

कधी कधी तिचे शब्द फसवे असत. दुकानातून वाणसामान आणायचं, त्याला ती 'मेसेजेस' म्हणायची. रडणं म्हणजे 'ग्रीट'. पहिल्यांदा ती म्हणाली, "सकाळी मी जरा ग्रीट केलं," तेव्हा मी विचारलं, कोणाला? तिनं सांगितलं, कोणाला नाही, एकटीच रडले. मी तिचा कप पुन्हा भरला.

एकदा मीच म्हणाले, "एफी, गमत नाही." अर्थ सांगताना माझी धांदल उडाली. करमत नाही, हे पुण्याचं. पण आमचं गमत नाही त्याहून खोल असतं. घर तेच, भांडी तीच, पण जीव कशालाच चिकटत नाही. कोणीतरी हवं असतं आणि ते नसतं. लोनली म्हटलं तर ते डॉक्टरच्या तोंडचं वाटतं.

एफीनं कप खाली ठेवला. "आम्ही म्हणतो, आय अ‍ॅम वीअरीइंग. दमले असं नाही त्यात. कोणासाठी तरी जीव झुरून दमणं." मग म्हणाली, "आई गेल्यापासून हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर सगळे म्हणाले असते, जा, जरा झोप."

फेब्रुवारीत एक दिवस ती आली नाही. फोनही उचलला नाही. तिच्या घराची किल्ली माझ्याकडे होती, माझी तिच्याकडे. एकट्या बायकांची ती व्यवस्थाच असते. दार उघडलं तर ती स्वयंपाकघरात जमिनीवर, शुद्धीत, उजवा हात अंगाखाली. माझ्याकडे बघून काहीतरी बोलली, पण शब्द नुसते ओघळले. मी अँब्युलन्स बोलावली आणि ती येईपर्यंत तिच्याशेजारी फरशीवर बसून मराठीत बडबडत राहिले. काय बोलले, आठवत नाही.

मेंदूतली रक्ताची गुठळी. जीव वाचला, उजवी बाजू लुळी पडली. शीला मिनेसोटाहून धावत आली. चाळिशी उलटलेली, दमलेल्या डोळ्यांची, आईसारखीच काटक. पुढे एफीला पुनर्वसन केंद्रात हलवलं, तिथं मी रोज दुपारी जाऊ लागले. वेळ तीच ठेवली होती मी, ब्लेदरची.

त्या दिवशी मी पोचले तेव्हा स्पीच थेरपिस्ट चित्रांचे पत्ते दाखवत होती. तरुण, गोड मुलगी. शीला कोपऱ्यात उभी. पत्त्यावर कान होता. "हे काय आहे, एफी?"

एफीचं तोंड एका बाजूला ओढलेलं. तिनं जोर लावला. "लग."

मुलगी मान हलवून म्हणाली, "ठीक आहे, पुढचं बघू." रडणारं बाळ. "बेअर्न. ग्रीटिन." कपाट. "प्रेस." छपरावरचं धुराडं. "लम."

पत्ते संपले तेव्हा मुलगी शीलाला हळू आवाजात सांगत होती, की आईंचे शब्द हरवलेत, भलते शब्द त्यांच्या जागी येतायत, काही तर नुसते ध्वनी आहेत. समजही किती राहिली आहे, सांगता येत नाही. शीलानं डोळे पुसत विचारलं, मग स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या विभागात ठेवावं लागेल का? घर विकायचं का? हे सगळं एफीच्या पायाशी उभं राहून चाललं होतं. ती खुर्चीतून बघत होती, आणि एकदम ओरडली, "आम् नो ग्लेकिट!"

थेरपिस्ट दचकली. शीला रडायला लागली. मी मात्र हसले. मला आवरलंच नाही. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"ती म्हणतेय, मी बावळट नाही," मी सांगितलं. "आणि तिचं बरोबर आहे. लग म्हणजे कान. बेअर्न म्हणजे मूल, ग्रीटिन म्हणजे रडतंय. प्रेस म्हणजे कपाट. लम म्हणजे धुराडं. सगळी उत्तरं बरोबर आहेत. ती फक्त तिच्या गावाहून देतेय."

मग त्या मुलीनं खुर्ची ओढली, मला शेजारी बसवलं आणि पत्ते पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. शहाणी होती ती. एक-दोन ठिकाणी एफी खरोखर अडली, पण बाकी सगळं तिनं सांगितलं, आणि मी इंग्रजी करत गेले. मेंदूतल्या त्या तडाख्यात तिचं पन्नास वर्षांचं इस्त्रीचं इंग्रजी वाहून गेलं होतं. खाली होती ती तिच्या आईची भाषा. ती भाषा ओळखणारं माणूस त्या इमारतीत एकच होतं, यवतमाळचं.

शेवटी एफीनं शीलाकडे डावा हात पसरला. "डिने ग्रीट, हेन."

शीलानं माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाली?"

"रडू नकोस, बाळा."

बाहेर वेंडिंग मशीनपाशी शीला मला म्हणाली, "मी तिची मुलगी आहे. मला यातला एक शब्द माहीत नाही. तिनं तुला शिकवलं, मला का नाही?" राग नव्हता त्यात; तो असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "तिनं शिकवलं नाही गं. तिच्या तोंडून निसटलं. परक्या माणसापुढे निसटलं तर चालतं. तुझ्यासमोर तिला जपून राहायचं होतं, तुला कोणी हसू नये म्हणून."

हे मी शीलाला सांगत होते, आणि माझ्याच कानावर ते पडत होतं.

एफीला त्या विभागात ठेवलं नाही. पण एकटीनं राहणंही आता शक्य नव्हतं. "आय वाँट हेम," ती सारखी म्हणायची, मला घरी जायचंय. शीलानं मला विचारलं, कुठल्या घरी? बेलव्ह्यूच्या की स्कॉटलंडच्या? ते मात्र मला सांगता आलं नाही. एफीनंही सांगितलं नाही. तिला शीलाच्या घरी, मिनेसोटाला न्यायचं ठरलं. मला आनंद झाला, आणि घरी येऊन मी जेवले नाही.

त्या वर्षी चेरीची झाडं फुलली तेव्हा शीला तिला घेऊन गेली. गाडीत बसवताना एफीनं माझा हात डाव्या मुठीत धरून ठेवला होता. शीलाला एकेक बोट सोडवावं लागलं. गाडी वळणावरून गेली आणि ऊन पडलं. इतक्या महिन्यांनी आलेल्या उन्हानं मी त्या दिवशी अगदी स्कनर्ड झाले. आत बसायला निदान करडं आभाळ तरी सोबतीला हवं होतं.

पुढे रविवारचे फोन सुरू झाले. शीला फोन आईच्या कानाला लावायची. सुरुवातीला मीच दुभाषी: एफी बोलायची, मी शीलाला अर्थ सांगायची. शीला तिकडे शिकत होती. एकदा तिनं मला हसत सांगितलं, की ऑफिसात ती साहेबाला क्रॅबिट म्हणाली. हळूहळू ते सगळं तिच्या तोंडी रुळलं. एफीची जीभ मात्र जड होत गेली. एका रविवारी ती बराच वेळ बोलली आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. मी "हो, हो" करत राहिले.

मग शीलाचा आवाज आला. "तुला समजलं नाही ना? आता जवळ बसल्याशिवाय नाही समजत. मी सांगते. तिच्या खिडकीशी एक खार येते, तिला तिनं नाव ठेवलंय, असं म्हणतेय."

मी म्हटलं, "छान." खरंच छान होतं. आईचं बोलणं लेकीला समजत होतं. मध्ये आता माझी गरज उरली नव्हती.

काल, तो पडदा सरकवल्यानंतर, मीच फोन केला. एफी हल्ली बहुतेक वेळ झोपलेलीच असते, पण काल जागी होती. मी तिला सांगितलं, आमच्याकडे ड्रीख सुरू झालं. पलीकडून एक लांब, घोगरा आवाज आला. हसली असावी. मग ती काहीतरी म्हणाली, आणि पुन्हा तेच म्हणाली, नेटानं.

शीलानं फोन घेतला. मग म्हणाली, "ती विचारतेय, आता तू कोणाशी ब्लेदर करतेस?"

"अगं, बरीच माणसं आहेत," मी म्हटलं. "सांग तिला. मंडळ आहे, शेजारी आहेत."

शीलानं तिला सांगितलं. पलीकडून नुसता एक हुंकार आला. तिला पटलं नसावं. फोन ठेवला. मग काही ठरवायच्या आत गौरीला फोन लावला. तिनं कापला, मीटिंगमध्ये असणार. "ऑल ओके?" असा मेसेज आला. मी उत्तर दिलं नाही. तासाभरानं तिचाच फोन आला, गाडीतून. मागे इंडिकेटरचा टिकटिक आवाज.

"आई? व्हॉट हॅपन्ड?"

मी तोंड उघडलं. जे वाक्य तयार होतं ते सरळ, स्वच्छ, पुण्याचं होतं. ते मी गिळलं.

"काऊन व पोरी," मी म्हटलं, "जेवली का? तुह्या आवाजाले काय झालं? लय दमून रायली तू."

टिकटिक थांबली. तिनं गाडी बाजूला घेतली होती.

"हू इज धिस?" गौरी म्हणाली. हसत नव्हती ती. खरंच विचारत होती.

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला. मग मी म्हटलं, "मीच होय व. तुही माय."

"आई," ती हळूच म्हणाली, "मी थांबलेय. बोल."